शुद्ध इंग्रजी

नेहेमिया रोहेकरला उभ्या आयुष्यात हिब्रू धड आली नाही. मुंबईत फोर्टातल्या एका इंग्रजी छापखान्यात तो प्रूफरीडर होता. कंपन्यांचे अहवाल, क्लबांच्या नियमावल्या, बड्या घरांतल्या लग्नपत्रिका, सगळं त्याच्या नजरेखालून गेल्याशिवाय मशीनवर चढत नसे. 'प्रिन्सिपल' हा शब्द शाळेचा मुख्याध्यापक म्हणून आला आहे की तत्त्व म्हणून, 'स्टेशनरी' म्हणजे कागद-पेन की एका जागी उभी गाडी, हे तो मजकुरावरून नुसती पेन्सिल फिरवत सांगायचा. मालक इतरांना नावाने हाक मारी, ह्याला 'मिस्टर रोहेकर' म्हणे.

इतर मराठी ज्यूंबरोबर इस्राएलला आल्यावर सरकारने त्याला अरादला धाडलं. वाळवंटाच्या कडेला नव्याने वसवलेलं गाव, पांढऱ्या चौकोनी इमारती आणि वारा. खाली मृत समुद्राच्या काठी खतांचा कारखाना होता, त्याच्या गोदामात त्याला नोकरी मिळाली. लागला त्याच महिन्यात एकदा मालाचा ट्रक आला म्हणून तो फाटकातून मुकादमाला ओरडून सांगायला गेला. हिब्रूत मालाला 'खोमेर' म्हणतात. नेहेमिया ओरडला, "खमोर आलाय!" खमोर म्हणजे गाढव. हमाल हातातली पोती टाकून हसायला लागले. मुकादम हाइम शांतपणे पुढे आला, ट्रकभोवती एक फेरी मारली, आत वाकून बघितलं आणि म्हणाला, "ट्रकमध्ये तर गाढव नाही. मग बाहेरच असणार."

तेव्हापासून निवृत्त होईपर्यंत गोदामात त्याचं तेच नाव पडलं. प्रेमाने म्हणत, असं सगळे सांगायचे. नेहेमियाने मात्र त्या दिवशी हिब्रूचं दार आतून लावून घेतलं. दुकानात, बसमध्ये, कुपत खोलीमच्या विम्याच्या दवाखान्यात लागेल तेवढी बोलायची, वाचायची तर नाहीच. बाकी सगळं त्याची बायको जूडिथ बघायची. ती रेवदंड्याची. शाळेत फारशी गेलेली नव्हती, पण बाजारात उभी राहून दोन वर्षांत हिब्रू बोलायला शिकली आणि चुकली की स्वतःच आधी हसायची.

घरी आला की नेहेमिया पुन्हा मिस्टर रोहेकर. मुंबईहून आणलेली जाडजूड डिक्शनरी, टोक केलेली लाल पेन्सिल आणि इंग्रजी पेपर. गावात दिसेल त्या इंग्रजीवर त्याची नजर जायची. एकदा कड्यावरच्या हॉटेलाने परदेशी पाहुण्यांसाठी मोठा फलक लावला, 'वाळवंटात आपलं स्वागत असो'. त्यात 'डेझर्ट' शब्दाला दोन एस पडले होते, म्हणजे वाळवंटाऐवजी जेवणानंतरचा गोड पदार्थ. नेहेमिया इस्त्रीचा शर्ट घालून मॅनेजरला भेटायला गेला. मॅनेजर हसला, त्याच्या पाठीवर थाप मारली आणि म्हणाला, "गोड वाळवंट! मग तर लोक जास्तच येतील." फलक तसाच राहिला. नेहेमिया त्या रस्त्याने जायचा बंद झाला.

लग्नानंतर बऱ्याच वर्षांनी त्यांना मुलगी झाली, रेवीताल. एकुलती एक, उशिराची, म्हणून जूडिथच्या जिवाचा तुकडा. नेहेमियाचाही होती, पण त्याची माया वहीतून व्हायची. पोरगी सातवी-आठवीत गेल्यापासून शाळेतून आली, की तिची इंग्रजीची वही टेबलावर उघडी. 'देअर' आणि 'देअर', एक तिथे आणि एक त्यांचं. 'लूज'ला एक ओ की दोन. 'क्वाएट' म्हणजे गप्प, 'क्वाइट' म्हणजे बरंच. पोरगी हुशार होती, बोलायला तर पोपट, पण अक्षरं तिच्या हातून जागा बदलायची. नेहेमिया लाल रेघ मारायचा, तिने पुन्हा लिहायचं. रेवीताल रडकुंडीला आली की जूडिथ स्वयंपाकघरातून म्हणायची, "अहो, पुरे करा आता. जेवू द्या तिला."

"जेवण काय, रोजच आहे," तो म्हणायचा.

शाळेतली इंग्रजीची बाई, ओर्ना, पालकांच्या भेटीला एकदा म्हणाली, "मुलगी बोलते छान. तिला जे म्हणायचंय ते ती पोहोचवते. स्पेलिंगसाठी तिच्या मागे लागू नका, लिहायचं टाळायला लागलीय ती." नेहेमियाला जेमतेम अर्धं कळलं, उरलेलं जूडिथने मराठीत सांगितलं. घरी येताना तो एवढंच म्हणाला, "मास्तरीणच अशी म्हटल्यावर झालंच."

सैन्यातली दोन वर्षं संपवून, पुढे काही दिवस हॉटेलात काम करून रेवीताल इतर पोरांसारखी फिरायला निघाली, आणि निघाली ती हिंदुस्थानात. हिमाचलात डोंगरात एका खेडेगावी इस्राएली पोरापोरींची वस्तीच झाली होती. नेहेमियाला ते पटलं नाही. "आम्ही तिथून आलो आणि ही तिथे डोंगरात बसायला चालली. मुंबई तरी बघ म्हणावं." जूडिथने मात्र जाताना तिचा चेहरा दोन्ही हातांत धरून सांगितलं, "जमलं तर माझ्या गावाला जाऊन ये गो. समुद्राकडची वाट, देऊळ, आमचं घर. कुणी असेल-नसेल. नुसतं बघून ये." त्यांच्या मराठीत सिनेगॉगला देऊळच म्हणत.

डोंगरातून फोन महाग पडायचा, लागायचाही नाही. म्हणून ई-मेल. अरादच्या मतनासमध्ये, म्हणजे गावच्या समाजकेंद्रात, नव्याने कॉम्प्युटरची खोली झाली होती. तिथे काम करणारी ओशरात रेवीतालची लहानपणापासूनची मैत्रीण, शेजारच्याच जिन्यात राहणारी, आपल्याच लोकांतली. तिने नेहेमियाला खातं उघडून दिलं, कुठे दाबायचं ते शिकवलं. तिकडच्या कॉम्प्युटरवर हिब्रू अक्षरं नव्हती आणि नेहेमियाला असती तरी वाचता आली नसती. मराठी रेवीतालला ऐकून कळे, पण लिहिता-वाचता येत नसे. तेव्हा बापलेकीत लिहायला एकच भाषा उरली.

नेहेमियाला त्याचा मनातून आनंद झाला. तो दर आठवड्याला दाढी करून मतनासमध्ये जायचा. रेवीताल भरभरून लिहायची. बर्फ पडला, चहात आलं घालतात, एका म्हातारीने मला मम्मीसारखी वेणी घालून दिली. अधूनमधून जरा वेगळंही. मैत्रिणी पुढे गेल्या, मी आता इथे 'क्वाएट' एकटी आहे. सैन्यातल्या गोष्टी इथे आठवतात, झोप 'लूज' झाली आहे. ओशरात ते छापून द्यायची, नेहेमिया घरी नेऊन जूडिथला मराठीत वाचून दाखवायचा. मग लाल पेन्सिल घ्यायचा. पुढच्या आठवड्यात त्याचं उत्तर जायचं. प्रिय मुली, तुझा मजकूर मिळाला. 'क्वाएट' नव्हे, 'क्वाइट'. झोप 'लॉस्ट' होते, 'लूज' होतो तो पायजमा. आणि शेवटी, मम्मीचे आशीर्वाद.

"तिच्या झोपेचं काय विचारलंत?" जूडिथ म्हणायची.

"लिहिलंय ना त्यावर."

रेवीतालची पत्रं आखूड होत गेली. तिने एकदा लिहिलं, 'आय सिंक अबाउट होम ऑल द टाइम', सारखी घराचा विचार करते. इस्राएली जिभेला 'थ' जमत नाही, तिथली पोरं 'थिंक'ला 'सिंक'च म्हणतात, आणि ही जशी बोलायची तशी लिहायची. नेहेमियाने उत्तर दिलं, "माणसं थिंक करतात. सिंक जहाजं होतात." हे वाक्य त्याला इतकं आवडलं, की त्याने ते ओशरातलाही ऐकवलं. "अंकल," ओशरात म्हणाली, "ती घराचा विचार करते म्हणतेय."

"ते कळलं मला."

हिवाळ्यात जूडिथचं पोट दुखायला लागलं. आधी सोडा, मग ओव्याचं पाणी, मग दवाखाना, मग बेर्शेबाचं हॉस्पिटल. डॉक्टरांनी पोटातल्या गाठीचं नाव सांगितलं आणि ऑपरेशनचा उपयोग नाही असंही सांगितलं. हे सगळं जूडिथनेच समजून घेतलं आणि नवऱ्याला मराठीत समजावलं. जणू शेजारणीचं दुखणं सांगत होती.

"रेवीला कळवायचं नाही," ती म्हणाली. "फिरू दे पोरीला. परत आली की बघू."

दोन महिने नेहेमियाने डोंगरातल्या हवेवर आणि स्वल्पविरामांवर लिहिलं. रेवीतालने एकदा फोन केला तेव्हा जूडिथ उशीला टेकून हसून बोलली, फोन ठेवला आणि भिंतीकडे तोंड करून पडली. पुरीमच्या सणाच्या सुमाराला तिला परत बेर्शेबाला न्यावं लागलं. आता ती बोलायची कमी, झोपायची जास्त. एका सकाळी तिने डोळे उघडले आणि म्हणाली, "बोलवा तिला."

त्याच दिवशी डॉक्टरीणबाईनेही सांगितलं, मुलगी लांब असेल तर बोलावून घ्या. तिचं बोलणं समजावून द्यायला नेहेमियाबरोबर ओशरात होती. परतीच्या बसमध्ये ती म्हणाली, "अंकल, मी लिहिते रेवीला. आम्ही हिब्रूच लिहितो, नुसती अक्षरं इंग्रजी वापरतो. तिला एका ओळीत कळेल."

"नको," नेहेमिया म्हणाला.

"पण लवकर—"

"माझी मुलगी आहे. तिच्या आईचं मी कळवीन. नीट भाषेत कळवीन."

ओशरात बावीस वर्षांची पोर, म्हाताऱ्या माणसाशी त्या दिवशी किती भांडणार.

मतनासमध्ये ती मुद्दाम दुसऱ्या टेबलाशी जाऊन बसली. नेहेमियाने की-बोर्ड पुढे ओढला. काय लिहायचं? 'डाय' हा शब्द त्याच्या हातून उमटेना. जूडिथच्या नावापुढे तो शब्द टाइप करायचा म्हणजे आपणच तो ठरवून टाकल्यासारखं. मग त्याला मुंबई आठवली. चाळीत तार यायची. शिपाई दारात उभा, घरातल्या बायका आधीच तोंडाला पदर लावून, आणि वाचायला बोलावत ते नेहेमियालाच. 'फादर सिंकिंग स्टार्ट इमिजिएटली.' सगळ्या तारा तशाच असायच्या. तेवढ्यात सगळं आलं, आणि मरण शब्दही नाही. माणूस हळूहळू खाली चाललाय, लवकर या. सभ्य शब्द. त्याने टाइप केलं, 'मम्मी इज सिंकिंग. कम सून. पप्पा.' दोनदा वाचलं. पूर्णविराम जागेवर होते. त्याने पाठवून दिलं.

मग तो दिवसभर जूडिथजवळ बसायचा आणि संध्याकाळच्या बसने येऊन मतनास बंद व्हायच्या आत बघून जायचा. दोन दिवस काही आलं नाही. तिसऱ्या दिवशी उत्तर आलेलं होतं. त्याने ओशरातला छापायला न सांगता तिथेच वाचलं.

'पप्पा!!! यू मेक मिस्टेक!' पहिलीच ओळ. पुढे तिचं नेहमीचं घाईचं इंग्रजी, धावत सुटलेलं. पप्पा, तुम्ही चुकलात! 'थिंकिंग'! सिंक जहाजं होतात! मी इथे सगळ्यांना दाखवलं, खूप हसले. मम्मीला सांगा मीसुद्धा तिचाच विचार करते, रोज, आणि येतेच आहे, पेसाखच्या सणाला घरी. पण आधी रेवदंड्याला जाते. तिला सांगू नका, मला तिला चकित करायचंय. घराचे फोटो काढीन, देवळाचे काढीन, आणि तिला काय हवं ते आणीन. आज निघतेय, तिकडे कॉम्प्युटर नसेल, मुंबईला परत आले की लिहीन. पप्पा, तुम्ही चुकलात ह्याचा मला किती आनंद झालाय तुम्हाला माहीत नाही.

नेहेमियाला पहिल्यांदा आला तो राग. मी चुकलो? आणि हे कोण सांगणार, जिला 'देअर' लिहिता येत नाही ती? एवढं सगळं त्याच्या मनात येऊन गेलं. मग त्याने पुन्हा वरपासून वाचलं, आणि त्याचे हात टेबलावरून घसरून मांडीवर आले.

ओशरात धावत आली. तिने पडद्यावर बघितलं. तिने खुर्ची ओढली आणि भराभर लिहायला लागली, हिब्रू, इंग्रजी अक्षरांत. ह्या वेळी त्याने अडवलं नाही. तिचं झाल्यावर त्यानेही एक ओळ लिहिली, 'मम्मी इज डाइंग.' दोन्ही पत्रं गेली. ती वाचणारी मुलगी तेव्हा कुठल्या तरी रेल्वेत, खिडकीशी बसलेली असणार. ओशरातने तिच्या ओळखीच्यांना विचारलं, दूतावासात फोन लावला. तिकडून एक माणूस म्हणाला, गावाचं नाव पुन्हा सांगा, स्पेलिंग सांगा. नेहेमियाने एकेक अक्षर अगदी स्पष्ट सांगितलं. पुढे काही झालं नाही.

दुसऱ्या दिवशी जूडिथ जागी होती. "लिहिलं का रेवीला?"

"लिहिलं."

"काय म्हणाली?"

खोटं बोलायला नेहेमिया कधी शिकला नव्हता. तो म्हणाला, "तुझ्या गावाला गेलीय. रेवदंड्याला. तुझ्यासाठी फोटो काढायला." त्याला वाटलं होतं, ऐकून तिला बरं वाटेल.

जूडिथने मान त्याच्याकडे वळवली. "मी अशी आहे हे वाचून गेली?"

नेहेमियाने तिची चादर सारखी केली.

"मला गाव काय करायचंय आता," ती म्हणाली. "मला पोर हवीय."

त्यानंतर ती त्याच्याशी फारशी बोलली नाही. नर्सशी बोलायची, हिब्रूत. एकदा तिने नर्सला काहीतरी लांबलचक सांगितलं आणि नर्सने तिचा हात कुरवाळला. नेहेमियाने विचारलं, काय म्हणतेय? नर्सने त्याला सांगितलंही, हळू, सोप्या शब्दांत. त्याला 'मुलगी' कळलं, 'दार' कळलं. बाकी नाही. शुक्रवारी शब्बाथच्या आधी जूडिथ गेली, आणि शब्बाथला पुरत नाहीत म्हणून घाईने, उन्हं कलायच्या आत, तिला अरादच्या कब्रस्तानात पुरलं.

शोकाचे सात दिवस दार उघडं होतं. बेर्शेबाहून, लोदहून आपले लोक आले, अंडी आणि भात घेऊन आले, जमिनीवर बसले. गोदामाचा मुकादम हाइमही आला. म्हातारा झाला होता, काठी टेकत जिना चढून आला, नेहेमियाचा हात धरून बसला आणि त्याला नावाने हाक मारली. सगळ्यांनी विचारलं, मुलगी कुठाय? नेहेमिया म्हणायचा, प्रवासात आहे. मागाहून कळलं, की ह्या दिवसांच्या आधी, रिकाम्या घरात, रेवीतालचा फोन दोनदा वाजून गेला होता. अलिबागच्या बूथवरून तिने लावला होता. कुणी उचलला नाही तेव्हा तिला वाटलं, मम्मी बाजारात गेली असेल.

मुंबईला परतल्यावर तिने दोन्ही पत्रं एकापाठोपाठ वाचली. तिला विमानतळावरून आणायला ओशरात गेली. गाडीत काय बोलणं झालं ते नेहेमियाला कुणी सांगितलं नाही, पण रेवीताल दारात आली तेव्हाच तिच्याकडे बघून त्याला कळलं, की हिला सगळं ठाऊक आहे.

तिने पाठीवरची पिशवी उतरवली, स्वयंपाकघरात गेली, परत आली. आईच्या रिकाम्या खुर्चीपुढे उभी राहिली. मग पिशवी उघडून एकेक वस्तू टेबलावर मांडायला लागली. आमसुलं. सुकट, कागदाच्या चार घड्यांत बांधलेली, तरी वास सुटलेला. फोटोंचं पाकीट. त्यात एक घर होतं, दुसऱ्याच कुणाचं झालेलं, ओट्यावर कुणाची तरी मुलं बसलेली. "हे घर शोधायला मला वेळ लागला," ती हिब्रूत म्हणाली. "एका म्हाताऱ्या बाईला मम्मीचं नाव आठवत होतं. तिने मला चार दिवस ठेवून घेतलं. मी राहिले." तिने पाकीट मिटलं. "चार दिवस तिथे मासे खात राहिले, पप्पा."

नेहेमिया खुर्चीत ताठ बसून होता.

"ओशरातने विचारलं होतं ना तुम्हाला? मी लिहू का म्हणून?"

"विचारलं होतं."

"मग?"

तो मराठीत म्हणाला, "'सिंकिंग' बरोबर आहे."

"काय?"

"शब्द बरोबर आहे. माणूस शेवटाला लागला, की इंग्रजीत सिंकिंगच म्हणतात. आमच्याकडे तारा अशाच यायच्या." तो थांबला नाही. थांबला असता तर मग दुसरंच काही बोलावं लागलं असतं, आणि ते कुठल्या भाषेत बोलायचं हे त्याला माहीत नव्हतं. तो उठला, कपाटावरची डिक्शनरी काढली, टेबलावर आमसुलांच्या शेजारी ठेवली आणि पानं उलटत तो शब्द काढला. "हे बघ. छापलंय. वाच."

रेवीतालने वाकून बघितलं. शब्दाकडे नाही, शब्दावर टेकलेल्या त्याच्या बोटाकडे. मग ती सरळ उभी राहिली आणि मराठीत बोलली. कित्येक वर्षांत ती त्याच्याशी एवढं मराठी बोलली नव्हती. "तुम्ही बरोबर आहात, पप्पा. तुमचं सगळं बरोबर आहे. माझी आई मेली आणि मी हसत होते. लोकांना दाखवून हसत होते."

तिने वस्तू तशाच टेबलावर टाकल्या आणि ओशरातकडे झोपायला गेली. शोकाचे तीस दिवस पुरे होईपर्यंत ती अरादला राहिली, स्वयंपाक केला, बापाच्या शर्टांना इस्त्री केली. बोलली ती फक्त हिब्रूत आणि लागेल तेवढंच. नंतर लोदला खोली घेतली. विमानतळावर मालवाहतुकीच्या ऑफिसात तिला काम लागलं.

नेहेमिया मतनासमध्ये जात राहिला. त्याने लिहिलं, बऱ्याचदा लिहिलं. आधी तो शब्द कसा आला त्याचा खुलासा. मग तब्येत कशी आहे. मग, एकदा, झोप येते का तुला? पत्रं जात होती, उत्तर येत नव्हतं. ओशरातचं लग्न होऊन ती गेली, तिच्या जागी आलेल्या मुलाला मराठी येत नव्हतं आणि नेहेमियाची हिब्रू त्याला कळत नव्हती. एक दिवस त्याने नेहेमियाला पडद्यावर बोट ठेवून दाखवलं, की त्या पत्त्यावरून पत्रं परत येतायत. पत्ता बंद आहे.

आता रेवीताल सणाला फोन करते. हिब्रूतच बोलते. नेहेमिया कान लावून ऐकतो आणि हो, ठीक, देवाची कृपा एवढं म्हणतो. तिचं लग्न झालं तेव्हा तो लोदला गेला होता. मांडवाखाली उभा राहिला आणि फोटोतही आहे.

जूडिथच्या वर्षदिनाला ती न चुकता येते. तीन वर्षांपूर्वी आली तेव्हा तिला सातवा महिना होता. कब्रस्तानात वारा फार असतो. धुळीचे लोट उठतात आणि दगडांवरची अक्षरं भरून जातात. तिच्या नवऱ्याने प्रार्थना म्हटली, आमेन झालं. मग रेवीताल एकटीच पुढे गेली, दगडाला हात लावून वाकली, आणि आईशी बोलायला लागली. हळू, पण पुष्कळ बोलली. नेहेमिया दोन पावलांवर उभा होता. त्याला 'ईमा', म्हणजे आई, कळलं. 'बाळ' कळलं. मग 'अबा' असा शब्द आला, म्हणजे तो स्वतः, आणि त्याच्या पुढेमागे जे होतं ते त्याला कळलं नाही. तिच्या चेहऱ्यावरून रागाचं आहे की दुसरं काही, हेही ओळखता येईना.

ती मागे फिरली तेव्हा त्याने विचारलं, "माझ्याबद्दल काय म्हणालीस?"

रेवीतालने त्याच्याकडे बघितलं. क्षणभर त्याला वाटलं, सांगेल.

"लो खाशूव," ती म्हणाली. महत्त्वाचं नाही. एवढं हिब्रू त्याला येत होतं.

जावयाने गाडीचं दार उघडून धरलं होतं. नेहेमिया मागच्या सीटवर बसला. घर येईपर्यंत ती दोघं पुढे पाळण्याबद्दल बोलत होती, निदान त्याला तरी तसं वाटलं.